पावती आहे, नोंदणी आहे का?

या वेळी आलेल्या प्रश्नांत अजगर, इग्वाना आणि कासवं यांचीच गर्दी आहे. ‘विदेशी प्राणी पाळण्यावर बंदी येणार’ या बातमीनं बरेच जण धास्तावलेले दिसतात. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरी तीन वर्षांपासून बॉल पायथन आहे. दुकानदारानं जीएसटीचं बिल दिलं आणि म्हणाला, हा विदेशी आहे, आपल्या कायद्यात येतच नाही. आता नवा कायदा येणार असं ग्रुपवर फिरतंय. खरं काय? — एक वाचक, मनीषनगर

नवा कायदा येणार नाही, तो येऊन गेला. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. तिथून ते संसदीय स्थायी समितीकडे गेलं, डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालं. आधीच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या. त्यातली चौथी म्हणजे साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतले प्राणी आणि वनस्पती. बॉल पायथन परिशिष्ट २ मध्ये आहे. म्हणजे तुमचा पाहुणा आता कायद्यात आहे. पाळायला बंदी नाही, पण कलम ४९एम प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे.

दुकानदाराचं वाक्य २०२३ च्या आधी बऱ्यापैकी खरं होतं, म्हणून ते अजून दुकानात टिकून आहे. जीएसटीचं बिल इतकंच सांगतं की तुम्ही पैसे दिले आणि त्यानं कर लावला. प्राणी कुठून आला, हे त्यावरून कळत नाही.

नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाले. आधीपासून प्राणी असणाऱ्यांना सहा महिने मिळाले. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवस. अर्ज ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर करायचा, शुल्क एक हजार रुपये. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो आणि त्यांचं कार्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये, वनभवनात आहे. काही अडलं तर पुण्या-मुंबईच्या माणसाला नागपूर गाठावं लागतं, तुम्हाला मनीषनगरहून ऑटो पुरतो.

तुमची सहा महिन्यांची मुदत गेली आहे. अशा वेळी लोक एक हमखास चूक करतात : दुकानदाराकडून अलीकडच्या तारखेचं नवं बिल फाडून घेतात. असं करू नका. तीन वर्षांचा अजगर आणि गेल्या महिन्याचं ‘पिल्लू’ म्हणून बिल, हे वजनकाट्यावर उघडं पडतं, आणि मग उशिराच्या जोडीला खोट्या कागदाचाही आरोप येतो. आधी वकिलाला दाखवा, खरी तारीख आणि उशिराचं कारण लिहून अर्ज करा. या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अर्ज पडून राहिला म्हणून ती टळत नाही. जून २०२० मध्ये केंद्रानं कागद न विचारता स्वेच्छेनं माहिती देण्याची सहा महिन्यांची सवलत दिली होती. तेव्हा कोणी अर्ज केला असेल तर ती पोच शोधा आणि सोबत जोडा. जुन्या मालकांच्या हाती तिच्याइतका भक्कम कागद क्वचितच असतो.

पोर्टल उघडण्याआधी टेबलावर असू द्या : ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बिल किंवा देणाऱ्याचं नोंदणीपत्र, पिंजऱ्याचे फोटो आणि प्राण्याचे फोटो. सापाचे फोटो डोक्याचे वरून आणि दोन्ही बाजूंनी, शिवाय शरीराच्या मधल्या भागाच्या नक्षीचा एक, शेजारी सहा इंची पट्टी ठेवून. फ्लॅश नको, खवले चमकतात आणि नक्षी दिसत नाही. सावलीत, दिवसाच्या उजेडात काढा.

आणि प्रजातीचं नाव. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. बॉल पायथनचं शास्त्रीय नाव पायथन रेजियस. घाईत कोणी ‘पायथन’ शोधून यादीतलं पहिलं दिसेल ते, समजा पायथन मोल्युरस, निवडलं, तर अनुसूची १ मधला, म्हणजे पाळायला बंदी असलेला, भारतीय अजगर घरात असल्याचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. ‘बनाना’, ‘पायड’, ‘पास्टेल’ ही रंगाची नावं आहेत. ती प्रजातीच्या रकान्यात लिहू नका, वर्णनात लिहा.

प्रश्न : कोणत्या प्राण्याला नोंदणी लागते हे घरबसल्या कसं ठरवायचं? — धरमपेठ, सदर आणि कामठीहून तीन वाचक

साइट्सची यादी नावानं शोधता येते, पण कुळं लक्षात ठेवली तर निम्मं काम होतं. सगळे अजगर, सगळे बोआ, सगळ्या घोरपडी आणि जमिनीवरच्या कासवांचं अख्खं कुळ परिशिष्ट १ किंवा २ मध्ये आहे. हिरवा इग्वाना आहे. सल्काटा कासव आहे. कॉर्न स्नेक नाही. रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे कानामागं लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव, तेही नाही. त्याच्यावर पुढे स्वतंत्र लिहिलं आहे. परिशिष्ट १ मधल्या प्राण्याचं प्रजनन करायचं असेल तर नुसती नोंदणी पुरत नाही, वेगळा परवाना लागतो.

प्राणी साइट्समध्येही असेल आणि आपल्या अनुसूची १ किंवा २ मध्येही असेल, तर अनुसूची १-२ चा कडक नियम लागतो. चौथी अनुसूची अशा वेळी आधाराला येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंनी बरकतीसाठी ठेवलेलं कासव आहे, पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत. सात-आठ वर्षं झाली. याचीही नोंदणी करू का? — एक वाचक, महाल

नाही, आणि करताही येणार नाही. पाठीवरच्या प्रत्येक उंचवट्याच्या टोकापासून पिवळ्या रेषा किरणांसारख्या फुटतात ते भारतीय तारा कासव. अनुसूची १ मध्ये आहे, साइट्सच्या परिशिष्ट १ मध्येही २०१९ पासून आहे. ते विदेशी नाही, आपल्याच रानातून उचललेलं आहे. विकत घेतलं, भेट मिळालं, आजीच्या वेळेपासून आहे, यानं काही फरक पडत नाही.

वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी बोला आणि स्वतः होऊन द्या. नेताना हवेची भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला दुमडलेलं पोतं, पाणी नको. काय खायला देत होता, किती वर्षं, हे चिठ्ठीवर लिहून द्या. पोळी-भातावर वाढलेल्या तारा कासवाचं कवच बहुधा मऊ आणि वेडंवाकडं झालेलं असतं, डॉक्टरांना ते आधी कळलं तर बरं. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्हालाच ठाऊक.

स्वतः होऊन सोडायला मात्र जाऊ नका. सात-आठ वर्षं घरात राहिलेलं कासव बाहेरच्या कासवांना रोग देऊ शकतं, आणि ते मूळचं कुठल्या जंगलातलं हेही आपल्याला माहीत नसतं.

प्रश्न : माझ्याकडे दोन रेड इअर्ड स्लायडर आहेत. यांची नोंदणी नाही म्हणता, मग सरकार ती ‘आक्रमक’ ठरवून जप्त करणार असं का बोललं जातंय? आम्ही पाळणाऱ्यांनी याला उत्तर कसं द्यायचं? — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

या बोलण्याला आधार आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं कायद्यात ६२ए आणि ६२बी अशी दोन कलमं आली. मूळ भारतातली नसलेली आणि पसरली तर इथल्या वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका करणारी प्रजाती ‘आक्रमक परकीय प्रजाती’ ठरते. तिची आयात, व्यापार, बाळगणं आणि वाढ यावर केंद्र सरकार अधिसूचना काढून बंधन किंवा बंदी घालू शकतं. साइट्सच्या यादीत नाव असो वा नसो, या कलमाला त्याचं देणंघेणं नाही. स्लायडरचं नाव अशा चर्चेत सगळ्यात आधी येतं, कारण नाण्याएवढं पिल्लू म्हणून विकलेलं कासव २५ ते ३० सेंटिमीटर होतं, तीस वर्षं जगतं, आणि मग कोणीतरी ते संध्याकाळी गुपचूप फुटाळ्यात नाहीतर अंबाझरीत सोडून येतं. तिथं ते आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा दोन्ही बळकावतं.

आधी एक खात्री करा : तुमचं कासव खरंच स्लायडर आहे का? डोळ्यामागं रुंद, लांबट लाल पट्टा आणि सपाट-गुळगुळीत पाठ असेल तर स्लायडर. पाठ घराच्या छपरासारखी उतरती, मधल्या ओळीत तिसऱ्या तुकड्यावर मागे वळलेलं टोक असेल, तर ते पांगशुरा, म्हणजे देशी छत्री कासव. त्यातल्या काहींच्याही डोळ्यामागं लालसर ठिपका असतो आणि दुकानात ती स्लायडर म्हणून खपवली जातात. पोटाकडे मागच्या पायांवर कातडीची झाकणं असतील तर तेही देशी. देशी निघालं तर वरच्या महालच्या उत्तराप्रमाणे करा.

आता उत्तर देण्याबद्दल. अशा अधिसूचनेचा मसुदा निघतो तेव्हा त्यात सूचना-हरकती पाठवायचा पत्ता आणि शेवटची तारीख दिलेली असते. बहुतेक पाळणारे तिथे दोनपैकी एक करतात : ‘आमची मुलं आमच्यापासून हिरावू नका’ असं पत्र लिहितात, किंवा एकच मजकूर पाचशे जण कॉपी करून पाठवतात. दोन्हींचा उपयोग जवळजवळ शून्य. मसुद्यावर काम करणाऱ्या अधिकाऱ्याला कोणत्या ओळीत कोणता शब्द बदलायचा हे हवं असतं. पाचशे सारखी पत्रं म्हणजे त्याच्या तक्त्यातली एक ओळ.

प्रत्येक मुद्द्याचे चार भाग पाडा : परिच्छेद क्रमांक, मसुद्यातले नेमके शब्द, सुचवलेले शब्द, कारण. स्लायडरवर उद्या मसुदा आला असं धरलं तर मुद्दा असा दिसेल :

‘परिच्छेद अमुक. मसुद्यातील शब्द : बाळगण्यास मनाई राहील. सुचवलेले शब्द : अधिसूचनेच्या दिनांकापूर्वी ताब्यात असलेले कासव, नव्वद दिवसांत नोंद केल्यास, प्रजनन न करण्याच्या व विक्री न करण्याच्या अटीवर, त्याच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत ठेवता येईल. कारण : सरसकट मनाई झाल्यास शिक्षेच्या भीतीनं कासवं तलावांत सोडली जातील आणि अधिसूचनेचा हेतूच फसेल. युरोपीय संघानं २०१६ मध्ये हीच प्रजाती आक्रमक ठरवताना घरगुती मालकांना याच धर्तीची मुभा दिली.’

एवढंच. एका मुद्द्याला अर्ध्या पानाहून जास्त नको, तीन-चार मुद्दे खूप झाले. नाव, पत्ता, सही हवी. निनावी हरकत बाजूला पडते. ईमेल पाठवा आणि त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टानं प्रतही टाका. शेवटच्या तारखेला पोस्टात टाकलेलं पत्र उशिराच पोचतं.

अशी मुभा मागताना आपली बाजू आधीच स्वच्छ ठेवा. ‘प्रजनन न करता’ म्हणायचं आणि टाकीत नर-मादी एकत्र, हे चालणार नाही. प्रौढ नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक आणि शेपटी जाड असते, मादीची नखं आखूड. दोन्ही असतील तर आजच वेगळे करा. मादी नरापासून वेगळी केल्यावरही साठवलेल्या शुक्राणूंवर पुढे काही काळ फलित अंडी घालू शकते, म्हणून मिळालेली अंडी लगेच फ्रीझरमध्ये टाका. अंडी घालायला मातीच नसेल तर ती पोटात अडकून मादी मरते, तेव्हा फूटभर खोल ओलसर वाळूचा टब द्यायला विसरू नका.

प्रश्न : अमेरिकेत साप पाळणारे सरकारविरुद्ध कोर्टात जिंकले म्हणे. आपण का नाही जात? — एक वाचक, हिंगणा रोड

जिंकले, पण कशावर ते बघा. तिथं २०१२ मध्ये बर्मीज पायथनसह चार आणि २०१५ मध्ये रेटिक्युलेटेड पायथनसह आणखी चार मोठे साप ‘अपायकारक’ यादीत घातले आणि राज्या-राज्यांतली वाहतूक बंद केली. २०१७ मध्ये अपील कोर्टानं म्हटलं की लेसी कायद्याच्या, म्हणजे तिथल्या वन्यजीव-व्यापाराच्या कायद्याच्या, शब्दांत मुख्य भूमीवरच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी येतच नाही. पाळण्याचा हक्क वगैरे काही मान्य झालं नाही. एका वाक्याचा अर्थ लावला गेला. राज्यांना स्वतःचे कडक नियम करता येतातच. फ्लोरिडानं २०२१ मध्ये हिरवा इग्वाना आणि टेगू हे मोठे सरडे यांना बंदी यादीत टाकलं. ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना ठरावीक मुदतीत मोफत परवाना घेऊन प्राण्याला चिप बसवून घ्यावी लागली.

आपल्याकडे कायद्यानं बंदी नाही, नोंदणी सांगितली आहे. नोंदणीविरुद्ध कोर्टात जायला आधार फार थोडा आहे.

प्रश्न : इग्वानाला मायक्रोचिप बसवायची आहे. नागपुरात होईल का? दुखतं का? — एक वाचक, गोधनी

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. चिप आयएसओ दर्जाची, पंधरा आकडी क्रमांकाची मागा. १२ मिलिमीटरची नेहमीची असते, लहान प्राण्याला ८ मिलिमीटरची मिनी बरी. सुई जाड असते, टोचतं, पण क्षणभर. सरड्यांना आणि कासवांना डाव्या मागच्या पायाशी, सापाला मानेच्या डाव्या बाजूला, नाकापासून डोक्याच्या दुप्पट लांबीवर कातडीखाली बसवायची पद्धत आहे.

चिप टोचण्याआधी स्कॅनरवर वाचून घ्या आणि टोचल्यावर पुन्हा वाचा. आधी न वाचता बसवलेली मुकी चिप नंतर काढणं म्हणजे शस्त्रक्रिया. सोबत आलेले क्रमांकाचे स्टिकर एक डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर, एक तुमच्या वहीत चिकटवा. आठवडाभर इग्वानाला टबात पोहायला सोडू नका. ओळखचिन्ह नंतर काढणं किंवा खोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तेव्हा ‘विकताना काढून देऊ’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका.

प्रश्न : पाहणीला माणूस आला तर तो काय बघेल? आमचा बॉल पायथन मागच्या खोलीत आहे, नवतपात तिथं कूलर लावतो. — एक वाचक, मानेवाडा

पळून जाता येतं का, जागा पुरेशी आहे का आणि तापमान मोजता का, या तीन गोष्टी कोणीही बघेल. झाकणाला कुलूप आणि दोन टोकांना दोन डिजिटल थर्मामीटर लावा. काचेवर चिकटवायचे गोल काटेवाले घेऊ नका, ते पाच-सहा अंशांनी सहज चुकतात.

बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश, गार बाजू २५ ते २७ हवी. सगळी पुस्तकं थंड देशात लिहिलेली, म्हणून ती गरम कसं करायचं तेच सांगतात. नागपुरात एप्रिल ते जून हीटमॅट काढूनच ठेवा. खोलीच ३८ वर गेली की थर्मोस्टॅटला करण्यासारखं काही उरत नाही, आणि तो बिघडला तर साप भाजून निघतो. ३५ च्या वर तासन्‌तास राहिला तर जीव धोक्यात.

कूलर लावा, पण झोत सापाच्या टबवर नको आणि खिडकी फटभर उघडी ठेवा. मेच्या कोरड्या झळांत वाळ्याचा कूलर उत्तम चालतो. बंद खोलीत मात्र दमटपणा इतका वाढतो की टबाच्या भिंतींना पाणी सुटतं. तसं आठवडाभर राहिलं की सापाच्या पोटाकडचे खवले तपकिरी पडून सोलतात, नाकाशी बुडबुडे येतात. तिथून निमोनिया दूर नसतो. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेवा, तळाचा कागद ओला दिसला की बदला.

लाईट गेली तर बर्फ झालेली पाण्याची बाटली पंचात गुंडाळून टबाच्या बाहेर, गार टोकाला टेकवा, आत नको. साप तोंड उघडून डोकं मागे टाकत असेल तर साध्या कोमट पाण्यात धरा. बर्फाचं पाणी नको.

प्रश्न : नोंदणी झालेला प्राणी मेला तर? — दोन वाचक

जन्म, हस्तांतर आणि मृत्यू तिन्ही पोर्टलवर कळवावे लागतात आणि मृत्यूसोबत शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. परसात पुरून मोकळे झालात तर कागदावर प्राणी जिवंत राहतो आणि तो कुठे गेला याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. उन्हाळ्यात देह चार-पाच तासांत खराब होतो. दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. चोवीस तासांच्या आत पोचवा. पिशवीवर नाव आणि चिपचा क्रमांक मार्करनं लिहा, नाहीतर घरातलं कोणी भाजी समजून उघडेल.